समुद्रकाठची कॅसेट

"शिवू नका कशाला! आधी हात धुवा, मग चढा गाडीत."

बोलून गेले आणि माझी मीच दचकले. ह्यांच्या एका हातात रिकामी, धुतलेली कॅसेट होती, दुसऱ्या हातात उलटे करून काढलेले रबरी हातमोजे आणि चेहऱ्यावर दहावीचा निकाल लागल्यासारखा आनंद. मी दहा पावलांवर उभी होते, ओढणीचं टोक नाकाला लावून. हे हसले. "सोवळ्यात आहेस होय!" म्हणाले. मग नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, कॅसेट तिच्या खणात सरकवली आणि गाडी सुरू केली. त्यांच्या लेखी विषय तिथे संपला. पुढचा तासभर उजवीकडे टेकड्या, टेकड्यांवर मेंढरं, डावीकडे मधूनच समुद्राची एक चमकती पट्टी असं सगळं जात राहिलं आणि मी त्या एका शब्दावर अडकून बसले. शिवण्याचा तो अर्थ आमच्या डोंबिवलीच्या घरात छत्तीस वर्षांत कधी कुणी उच्चारला नव्हता. लेकीला मी कधी चार दिवस बाजूला बसवलं नाही, आणि खरं सांगायचं तर ह्या गोष्टीचा मला थोडा मिरवण्याइतका अभिमानही होता. मग हा शब्द न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला, एका गावाच्या खेळाच्या मैदानामागे, सकाळी साडेआठ वाजता इतक्या सराईतपणे आला कुठून?

कॅसेट म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. लेक क्राइस्टचर्चला असते. आमच्या पहिल्या फेरीत आम्ही नातवाला सांभाळलं, म्हणजे न्यूझीलंड पाहिलं ते बालवाडीच्या फाटकापासून सुपरमार्केटपर्यंत. दुसऱ्या फेरीच्या वेळी तिनंच फर्मान काढलं: फेब्रुवारीत अठरा दिवस, तुम्ही दोघंच, कॅम्परव्हॅन घेऊन दक्षिण बेटाचे समुद्रकिनारे. गाडी ताब्यात देणारा मुलगा नातवाहून फार मोठा नसावा असं मला वाटलं. शेगडी, फ्रिज, पाण्याची टाकी, गॅसची बाटली, दिवसा बाक नि रात्री पलंग होणारं ते लाकडी कोडं, सगळं दाखवून झाल्यावर तो म्हणाला, "आणि ही तुमची कॅसेट." मला खरंच वाटलं, गाडीत टेपरेकॉर्डर आहे. मी मनातल्या मनात भीमसेनजींचं काय काय आणता आलं असतं ह्याचा हिशेब करू लागले. तेवढ्यात त्यानं गाडीच्या बाहेरच्या अंगाचं एक छोटं दार उघडून चाकं असलेली राखाडी प्लास्टिकची पेटी ओढून काढली. विमानात नेतात त्या बॅगेएवढी असेल. गाडीतल्या इवल्याशा संडासाचं सगळं हिच्यात जमा होतं. आत निळं औषध घालायचं. भरली की लाल दिवा लागतो. रिकामी करायची ती फक्त डंप स्टेशनवर, दुसरीकडे कुठेही नाही. ह्यांनी खिशातून डायरी काढून टिपून घेतलं. वीज मंडळात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. कुठल्याही यंत्राची माहितीपुस्तिका हातात आली की ह्यांची कळी खुलते.

त्याच संध्याकाळी खातेवाटप झालं. पाणी, गॅस, बॅटरी आणि कॅसेट ह्यांच्याकडे. अन्न, पांघरुणं आणि नकाशा माझ्याकडे. घरी छत्तीस वर्षांत ह्यांनी संडासाचा ब्रश हातात धरलेला मला आठवत नाही, आणि इथे पहिल्याच दिवशी स्वखुशीनं कॅसेटमंत्री! मी बोलले नाही, पण टिपलं.

तिथे समुद्राकाठी गाडी लावून फुकटात झोपायची चैन करता येते, पण त्यासाठी गाडी 'स्वयंपूर्ण' असल्याचं प्रमाणपत्र लागतं. पिण्याचं पाणी, सांडपाणी, कचरा आणि बाकीचं सगळं, जेवढी माणसं झोपणार तेवढ्यांचं किमान तीन दिवसांचं, गाडीच्या पोटात मावलं पाहिजे. २०२३ साली कायदा आणखी कडक झाला. संडास गाडीला पक्का बसवलेलाच हवा. त्याआधी कपाटात सुटा डबा ठेवला तरी भागायचं, आणि पुष्कळ पोरंटोरं तो डबा कपाटातून बाहेरच काढत नसत. झुडपामागे जात. त्यांच्या त्या सुंदर किनाऱ्यांवर कागदाचे बोळे उडायला लागले तशी गावोगावची माणसं चिडली. लेक हे सांगत होती तेव्हा मला हसू आवरेना. युरोपातली गोरी पोरं समुद्रावर परसाकडेला बसतात आणि गावकरी ओरडतात, हे ऐकायला रत्नागिरीची बाई एवढ्या लांब आली होती.

आमच्या दोघांत एक मुकाट करार झाला होता. गाडीतला संडास फक्त रात्रीच्या 'एक नंबर'साठी. बाकीचं सार्वजनिक स्वच्छतागृहात. आणि त्या देशाला काय नावं ठेवायची ती ठेवा, पण चाळीस घरांच्या गावातही स्वच्छ, पाणी असलेलं, कागद असलेलं, फुकट स्वच्छतागृह असतं. आमचा सगळा प्रवास त्या निळ्या पाट्यांच्या आधारानं चालला होता. ह्यांनी नकाशावर पेंग्विन, लायटहाउस आणि स्वच्छतागृह अशा तीन रंगांच्या खुणा केल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी मोएराकीला पहाटे किनाऱ्यावर गेलो. कोएकोहेच्या पुळणीवर ते प्रसिद्ध गोल दगड पडलेत, काही माझ्या डोक्याच्याही वर जाणारे. अर्धवट वाळूत रुतलेले, काही उकललेले, आत पिवळ्या स्फटिकाच्या रेघा. पाक कमी पडलेल्या रव्याच्या लाडवाला तडे जातात ना, अगदी तसे. सहा कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाच्या चिखलात ते धरायला लागले, आणि मोठ्यातला मोठा गोळा वळायला चाळीस-पन्नास लाख वर्षं लागली म्हणे. माओरी सांगतात ते मला जास्त पटलं: आराइतेउरू नावाची मोठी होडी इथे फुटली, आणि तिच्यातले भोपळे, टोपल्या, रताळी वाहून किनाऱ्याला लागली ती ही. पाण्याला पाय लावला तर हाडापर्यंत कळ गेली. फेब्रुवारी म्हणजे त्यांचा उन्हाळा, तरीही. लांबपर्यंत एक माणूस नाही. आणि मला काय झालं असेल, तर अवघडल्यासारखं झालं. सकाळच्या वेळी रिकाम्या पुळणीवर चालताना माझी नजर आपोआप खाली, पावलापुढे दोन हात लागली होती. काही तुडवलं जाऊ नये म्हणून. साठ वर्षांची सवय. हे पुढे दगडांचे फोटो काढत होते आणि मी सहा कोटी वर्षांच्या आश्चर्यांमधून खाली मान घालून चालत होते.

कॅटलिन्स नावाच्या त्या दक्षिण किनाऱ्याला पोचलो तेव्हा जगाचं टोक जवळ आल्यासारखं वाटायला लागलं. झाडं वाऱ्यानं एकाच बाजूला विंचरलेली. रस्त्यावर समोरून गाडी आली की चालक स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, नमस्कार म्हणून. हेही दुसऱ्या दिवसापासून बोट उचलायला लागले, तेही अशा गांभीर्यानं, की जणू परवान्याच्या परीक्षेत मार्क आहेत. क्युरिओ बेला ओहोटीच्या वेळी खडकावर उतरलं की पायाखाली दगड झालेलं जंगल असतं, जुरासिक काळातलं. झाडांचे बुंधे, आडवे पडलेले सोट, त्यांच्या वळ्यासुद्धा दिसतात. संध्याकाळी त्या खोडांवरून एक पिवळ्या डोळ्यांचा पेंग्विन आला. एकच. ऑफिस सुटल्यावर डोंबिवलीचा जिना चढणाऱ्या कारकुनासारखा, थांबत, खांदे पाडून, आमच्याकडे न बघता. तासभर थंडीत कुडकुडल्याचं सार्थक झालं. मग गाडीत येऊन मी आदल्या दिवशीची मुगाची खिचडी गरम केली. आदल्या कसली, तिच्या आदल्या दिवशीची होती. फेकवेना.

रात्री दोनच्या सुमाराला पोटानं कळवलं.

बाहेर दक्षिणेचा वारा सुटला होता. खाली थेट अंटार्क्टिका, मधे अडवायला काही नाही. पाऊस आडवा येत होता आणि गाडी नांगरलेल्या होडीसारखी डुलत होती. कॅम्पचं स्वच्छतागृह केतकीसारख्या उंच पात्यांच्या झुडपांपलीकडे, दीडदोनशे पावलांवर. दार उघडायला गेले तर वाऱ्यानं ते हातातून हिसकलं. करार मोडावा लागला. पुठ्ठ्याएवढ्या पातळ दाराच्या अलीकडे मी, पलीकडे दोन फुटांवर हे. छत्तीस वर्षांच्या संसारात इतकी सलगी कधी झाली नव्हती. हे जागे आहेत हे मला कळत होतं आणि मला कळतंय हे त्यांना. थोड्या वेळानं अंधारातून खणखणीत आवाजात मारुतिस्तोत्र सुरू झालं. भक्तीनं नव्हे, आवाज दबावेत म्हणून. मी आत बसून हसत होते आणि पोट धरत होते. त्या रात्री ह्यांनी मारुतिस्तोत्र चार वेळा म्हटलं. पहाटे लाल दिवा लागला.

तर असे आम्ही सकाळी त्या मैदानामागे. डंप स्टेशन म्हणजे एक काँक्रीटचा उतरता ओटा, मधोमध भोक, त्यावर लोखंडी झाकण. एक नळ धुण्याचा, त्यावर 'पिऊ नका'ची पाटी, आणि पिण्याच्या पाण्याचा नळ मुद्दाम लांब, वेगळा. ह्यांच्या आधी एक उंच, लालबुंद गृहस्थ होते. शर्टाची घडी मोडलेली नाही आणि हातात कॅसेट. आपल्याकडे दुधाच्या केंद्रावर किटली घेऊन उभं राहावं तसे दोघं उभे. रात्रीच्या वाऱ्याबद्दल बोलले, आपल्या क्रिकेट संघाबद्दल बोलले, आणि बोलता बोलता त्या गृहस्थांनी कॅसेटची मान वळवली, अंगठ्यानं हवेचं बटण दाबलं आणि ती तिरकी केली. निळसर काळं पाणी घळघळ न करता एका धारेत गेलं. मग ह्यांची पाळी. त्यांनी ह्यांना बटण दाखवलं. दोनदा विसळून घेतलं, हलवलं, ओतलं. वास आला तो फिनेलचा, गोडसर, आणि त्याच्या तळाशी आपला ओळखीचा. मी ओढणी नाकाला लावली. तिथे उभ्या असलेल्या तिघा माणसांत नाक मुरडणारी मी एकटी, आणि आतला मजकूर तर माझाच होता.

ओढणीचं टोक, दहा पावलं, थोडी तिरकी मान. इनव्हरकार्गिल जवळ यायला लागलं तेव्हा मला ती पोझ कुणाची ते सापडलं. आजीची.

रत्नागिरीच्या आमच्या घरामागे, विहिरीपलीकडे, पाटीचा संडास होता. वर चार पायऱ्या चढून दोन दगड, आणि खाली मागच्या बोळातून उघडणारी एक झडप. तिच्या आत पाटी. मी सात वर्षांची होईपर्यंत तो होता, मग अण्णांनी टाकीचा बांधला. मागच्या बोळानं ती यायची. आम्हाला तिचा आवाज आधी यायचा, पत्र्याचा खरवडल्यासारखा. शाळेच्या घाईत आम्ही पोरं नेमकी त्याच वेळी वर बसलेली असायचो. खाली झडप उघडली की उजेड यायचा, खालून, नको तिथून. पाटी ओढल्याचा आवाज यायचा. आम्ही श्वास रोखून, डोळे मिटून बसायचो. भीती कशाची होती ते तेव्हाही सांगता आलं नसतं. ती वर बघेल ह्याची, की आपण खाली बघू ह्याची. आजी मागच्या दारात तांब्या घेऊन उभी, पदर नाकाला. तिनं हाक दिली की आजी उंचावरून पाणी ओतायची. थेंब उडू नये अशा बेतानं, दहा पावलांवरून ओतायची सवय आजीच्या मनगटात होती. आमचा चेंडू त्या बोळात गेला तर तो गेला. "शिवू नका रे!" हे आजीचं वाक्य आमच्या लहानपणी इतकं रोजचं होतं, की त्यात राग नव्हता, किळसही नव्हती. पाऊस येतोय, कपडे काढा, ह्याच सुरात ती ते म्हणायची. परवा माझ्या तोंडून आलं ते त्याच सुरात. तोच सूर मला बोचत होता. चिडून बोलले असते तर इतकं वाटलं नसतं.

आणि समुद्र? लोकांना वाटतं, रत्नागिरीची म्हणजे लहानपण किनाऱ्यावर गेलं असेल. आमच्या भागातल्या घरांनी समुद्राकडे पाठ केलेली असायची. भाट्याची पुळण, मांडवीचा काळा समुद्र, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर, पण तिकडे जायचं ते उन्हं उतरल्यावर. सकाळी बाप्ये तांब्या घेऊन पाण्याकडे तोंड करून ओळीनं बसलेले असत. "भरती नेते सगळं," असं आजी म्हणायची. ज्यांच्या घरी पाटी नव्हती त्यांच्यासाठी समुद्र, ज्यांच्या घरी होती त्यांच्यासाठी ती. गणपती तिथेच बुडवायचे, प्रेतंही काठालाच जाळायची. समुद्र म्हणजे नकोसं झालेलं घेऊन जाणारा, घराचं मागचं दार. किनाऱ्यावर खुर्ची टाकून कॉफी पीत त्याच्याकडे बघत बसायचं असतं हे मला लग्नानंतर सिनेमातून कळलं.

ह्याच रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ साली आप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मागितलं होतं. शाळेत आम्हाला 'कोकणचे गांधी' एवढ्या दोन शब्दांत ते उरकले होते. खरी गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली. तुरुंगात ते काम ठरावीक जातींच्या कैद्यांनाच देत. आप्पासाहेब म्हणाले, मलाही द्या. नकार आला. त्यांनी अन्न कमी केलं, उपासावर गेले, आणि तिकडे येरवड्याला गांधीजींनीही त्यांच्यासाठी डिसेंबरात उपास धरला. एका माणसाला संडास साफ करू द्यावा म्हणून दोन तुरुंगांत उपास! पुढे कणकवलीला गोपुरीत त्यांनी संडासांचे, खताचे प्रयोग केले, मेलेल्या ढोरांच्या कातड्याचं काम केलं. आजीला हे सगळं ठाऊक असणार. तिच्या पिढीत त्यांचं नाव घरोघरी होतं. तिला त्यांच्याबद्दल आदर होता का? मला वाटतं, होता. आणि बोळाकडच्या दारात पदर नाकाला होता. दोन्ही एका बाईत मावत होतं, काही सांडत नव्हतं.

त्या रात्री लेकीला फोनवर मी गंमत म्हणून सांगितलं. मारुतिस्तोत्राला ती खूप हसली, 'शिवू नका'ला गप्प झाली. "आई, तू कधी असं बोलायची नाहीस," एवढंच म्हणाली. ती पाणी आणि सांडपाण्याच्याच कामात इंजिनीअर आहे, त्यामुळे तिच्याकडे ह्या विषयावर नेहमीच काहीतरी असतं. तिनं मग तिच्या ऑफिसातल्या लोकांकडून ऐकलेलं सांगितलं. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात क्राइस्टचर्चच्या गटारवाहिन्या फुटल्या. महिनोन् महिने घरोघरी संडास बंद. रस्त्यांवर फिरती शौचालयं आली, आणि हजारो घरांना रासायनिक संडासाचे डबे वाटले. डॉक्टर, वकील, शिक्षिका, सगळे आपापला डबा घेऊन कोपऱ्यावरच्या टाकीपर्यंत चालत. शेजारी शेजाऱ्याला 'गुड मॉर्निंग' म्हणे. मला ते लालबुंद गृहस्थ आठवले. ते कुठले होते मला ठाऊक नाही, पण त्यांच्या हातातली ती सहजता कुठूनतरी आली असणार.

"त्यांच्याकडेपण सोवळं आहे बरं का," लेक म्हणाली. म्हणजे माओरींकडे. जेवणाच्या टेबलावर बूड टेकायचं नाही. भांडी पुसायची फडकी अंगावरच्या कपड्यांबरोबर धुवायची नाहीत. नातवाच्या बालवाडीतही हेच शिकवतात. मैला पाण्यात सोडायचा नाही, तो आधी जमिनीतून गेला पाहिजे, हा त्यांचा जुना आग्रह. वाइताराजवळच्या खडकांवर त्यांची शिंपल्यांची रानं होती, ती मैलापाण्यानं बाटली म्हणून ते न्यायाधिकरणात गेले, आणि १९८३ साली निकाल त्यांच्या बाजूनं लागला. मी ऐकत होते. फडक्यांची गोष्ट तर थेट आमच्या स्वयंपाकघरातली. आजीला माओरी बाई आवडली असती, दोघींनी मिळून माझ्या वॉशिंग मशीनला नावं ठेवली असती. पण मला विचारायचं राहिलं, की तिथे आधी तो डबा कोण वाहायचं. लेकीनं तोवर नातवाला फोन दिला होता आणि त्याला पेंग्विन हवा होता.

पश्चिम किनारा पावसात आणि चावऱ्या माश्यांत गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं असूनही लिहीत नाही. खाजवण्यातच निम्मा वेळ गेला. पुनाकाइकीला पोळ्यांची चळत रचल्यासारखे खडक आहेत आणि त्यांच्या फटींतून समुद्र फूत्कार टाकतो, एवढं ऐकून ठेवा. शेवटचा मुक्काम कैकोराला. २०१६ च्या नोव्हेंबरात मध्यरात्रीच्या भूकंपानं तिथला समुद्रतळच वर उचलला. कालपर्यंत पाण्याखाली असलेले खडक सकाळी उन्हात. पांढुरके, कोरडे, उघडे पडलेले अजून दिसतात. त्यांच्यावर सील लोळत होते आणि त्यांचा वास आमच्या कॅसेटच्या वरताण होता. तिथे मी ह्यांना म्हटलं, आज मी करते.

"कशाला? मला जमतं आता," हे म्हणाले. खात्याचा मंत्री सहजी राजीनामा देत नाही. मी हातमोजे ओढून घेतले. पेटी वाटली त्याहून जड होती आणि आत डचमळत होती, जिवंत असल्यासारखी. मी मान वळवली, तिरकी केली आणि हवेचं बटण विसरले. घळ्ळकन उसळी आली आणि माझ्या डाव्या बुटावर निळं-तपकिरी सांडलं, मोज्यात गेलं. "अंगठा! अंगठा दाब!" हे ओरडत होते. पण ओरडत होते ते माझ्या कोपराला लागून उभे राहून. दहा पावलं लांब जायचं ह्यांच्या लक्षातच आलं नाही. मग माझा बूट ह्यांनीच नळाखाली धरला. मी एका पायावर उभी. समोर पॅसिफिक. पोटातून मळमळत होतं ते मी गिळलं. मोठं काही केल्यासारखं वाटेल असा माझा अंदाज होता, तसं काही वाटलं नाही. हातमोजे होते, औषध होतं, नळ होता, पाच मिनिटांचं काम होतं आणि मजकूर आमचाच होता. बोळातल्या तिच्या कामाशी ह्याचा संबंध जोडायलाही मला लाज वाटली. बूट मात्र मी क्राइस्टचर्चला टाकून आले. नवे होते.

डोंबिवलीत परतल्यावर पंधरवड्यात सोसायटीची टाकी तुंबली. गाडी आली, जाड पाइप टाकला, पण गाळ काही सुटेना. पाइप धरणारा पोरगा पंचविशीचा असेल. गुडघ्यापर्यंत उतरला. माणसाकडून मैला साफ करून घ्यायला बंदी घालणारा १९९३ चा कायदा आहे, २०१३ चा आहे, आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून मी बघत होते. पूर्वी अशा वेळी मी खिडकी लावून घ्यायचे. आता उघडी ठेवली, म्हणजे काय केलं? वास घरात घेतला. हे खाली गेले, सेक्रेटरीशी भांडले, पोराला वर काढलं, दुसरं यंत्र मागवलं. मी त्या पोरासाठी चहा केला. किटली भरली, कप घ्यायला कपाट उघडलं आणि माझा हात कागदी कपांच्या गठ्ठ्यावर गेला. सोय म्हणून. खाली चौघं होते, चार कप न्यायचे-आणायचे, धुवायचे. सोयच होती ती. आमच्याकडे भांडीवाली संडासाला हात लावत नाही, संडास धुणारा स्वयंपाकघरात येत नाही, हीसुद्धा सोयच. मी कपाटासमोर बराच वेळ उभी होते. चहा निवायला लागला तसे कागदी कपच घेऊन खाली गेले.

संध्याकाळी रत्नागिरीला दादाला फोन लावला. जुनं घर पाडून तिथे आता इमारत आहे, तिसऱ्या मजल्यावर तो राहतो. मी विचारलं, "आपल्या मागच्या बोळात यायची ना, तिचं नाव काय रे?" तो इतका वेळ गप्प राहिला की मला वाटलं फोन कटला. "तुला आत्ता तिची कशी आठवण झाली?" मग म्हणाला, "पायात चांदीचे वाळे होते बघ." माझ्या ते लक्षात नव्हतं. मला फक्त पत्र्याचा आवाज. "नाव... आजी 'ती आली' म्हणायची." मग त्याला सुचलं की अण्णांच्या वह्या ट्रंकेत आहेत. अण्णा पै-पैचा हिशेब ठेवत, कदाचित त्यात असेल, बघतो.

दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर फोटो आला. वहीचं पिवळं पान, वाळवीनं एक कोपरा खाल्लेला, अण्णांचं उजवीकडे झुकणारं अक्षर. वर 'दिवाळी पोस्त', खाली १९६९. पोस्टमनचं आडनाव आणि पुढे २ रुपये. दूधवाल्याचं नाव, २ रुपये. धोब्याचं तर आम्ही मुलांनी ठेवलेलं टोपणनावसुद्धा कंसात, दीड रुपया. पेपर टाकणारा पोरगा, नावानिशी, १ रुपया. सगळ्यात खाली, जरा अंतर सोडून, 'संडास', पुढे आठ आणे. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. त्या ओळीत नाव लिहून खोडलंय का, कोपऱ्यात काही राहिलंय का, ते बघत बसले. हे शेजारी टीव्ही बघत होते. "काय शोधतेस?" म्हणाले. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, पान वरपासून खालपर्यंत वाचलं आणि तेही बोटांनी ती शेवटची ओळ मोठी करायला लागले.